संगणक-कार्यस्थान

संगणकावर काम करणारी व्यक्ती, तिची खुर्ची वा बैठक, मेज, पडदा, कळफलक, माउस, प्रकाश, हवा आणि कामाच्या वेळांची आखणी या सर्वांच्या एकत्रित मांडणीस संगणक-कार्यस्थान म्हणतात. ही मांडणी व्यक्तीच्या शरीरमापांस अनुसरून करावयाची असते; शरीराने मांडणीशी जुळवून घ्यावयाचे नसते, हे तिचे मूलतत्त्व होय. या तत्त्वाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या शास्त्रास एर्गॉनॉमिक्स (श्रमानुकूलन शास्त्र) असे नाव आहे. मोठ्या शहरांतील कार्यालयांपुरता हा विषय मर्यादित मानला जात असे. तथापि बँका, शासकीय सेवा केंद्रे, रेल्वे आरक्षण खिडक्या, टंकलेखन संस्था आणि महाविद्यालये यांच्या द्वारे संगणक लहान शहरांत पोहोचल्यापासून त्याचे महत्त्व सर्वत्र सारखेच झाले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे याचे चांगले उदाहरण आहे. श्री गजानन महाराजांच्या समाधीमुळे यात्रास्थळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या गावी १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि संगणकशास्त्र ही त्यातील एक अध्ययनशाखा आहे. अशा ठिकाणी एकाच मेजावर दिवसभरात अनेक व्यक्ती बसतात, फर्निचर ठराविक मापाचे असते आणि उन्हाळा कडक असतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांसाठी केलेले नियम जसेच्या तसे येथे लागू पडत नाहीत.

ऐतिहासिक आढावा : बैठ्या लेखनकामाने होणाऱ्या विकारांचे वर्णन इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामाझ्झीनी यांच्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात आढळते. हा ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध झाला व १७१३ मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. सतत बसून राहणे, हाताची त्याच दिशेने अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण अशी लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे त्यांनी दिली आहेत. लेखणीच्या जागी कळफलक आला, तरी ही तीनही कारणे आजही तशीच लागू पडतात. ‘एर्गॉनॉमिक्स’ ही संज्ञा ग्रीक भाषेतील ‘काम’ व ‘नियम’ या अर्थांच्या शब्दांपासून बनली असून १८५७ मध्ये पोलिश शास्त्रज्ञ वॉयचेख यास्त्रझेंबॉव्हस्की यांनी ती प्रथम वापरली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, ब्रिटनमध्ये या विषयाच्या अभ्यासकांची संस्था स्थापन झाली व तेव्हापासून त्यास स्वतंत्र शास्त्राचे स्वरूप आले. पडद्यासमोर काम करणाऱ्यांची संख्या १९८० नंतर झपाट्याने वाढली. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये अशा कामगारांच्या आरोग्याविषयी निदेश काढला आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची ९२४१ क्रमांकाची मानकमाला १९९२ पासून प्रसिद्ध होऊ लागली. भारतात मुंबईची केंद्रीय श्रम संस्था, पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६९ मध्ये सुरू झालेले औद्योगिक अभिकल्प केंद्र आणि अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था यांनी या विषयास चालना दिली. देबकुमार चक्रवर्ती यांनी संकलित केलेली भारतीयांची शरीरमापे अहमदाबादच्या संस्थेने १९९७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

पारंपरिक लेखनबैठक : कापसाच्या व्यापारामुळे नावारूपास आलेल्या खामगाव, अकोला यांसारख्या वऱ्हाडातील बाजारपेठांत मुनीम गादीवर मांडी घालून, पाठीशी लोड घेऊन, पुढ्यातील उतरत्या झाकणाच्या ठेंगण्या मेजावर कीर्द-खतावणी लिहीत असत. या बैठकीचे काही गुण आजच्या शास्त्रालाही मान्य होण्यासारखे आहेत. उतरत्या पृष्ठामुळे वही डोळ्यांकडे कललेली राही व मान कमी वाकवावी लागे. लोडामुळे पाठीला आधार मिळे. मांडी बदलणे, पाय पसरणे, मागे टेकणे यांस मुभा असे. दीर्घकाळ मांडी घातल्याने गुडघ्यांवर व नितंबसंधींवर येणारा ताण हा तिचा दोष होय. पुढे कचेऱ्यांत उंच मेज व खुर्ची आली, तेव्हा हे उतरते पृष्ठ नाहीसे झाले आणि मेजाची उंची मात्र पाश्चात्त्य मापांची राहिली. टंकलेखन यंत्राच्या काळात कागद घालणे, गाडी ढकलणे, फीत बदलणे यांमुळे हाताला अधूनमधून वेगळी हालचाल मिळत असे. संगणकाने कळांवरील दाब हलका केला; पण त्याबरोबर हे नैसर्गिक विरामही नाहीसे केले.

शरीरावर होणारे परिणाम : स्नायू आकुंचन-प्रसरण पावत असता त्यांतून रक्त खेळते राहते. तेच स्नायू एका स्थितीत ताणून धरल्यास रक्तपुरवठा कमी पडतो व थकवा लवकर येतो. मेज उंच असल्यास खांदे उचललेले राहतात आणि मान व खांदा यांमधील स्नायूंवर असा स्थिर भार तासन्‌तास पडतो. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे ४.५ ते ५.५ किग्रॅ. असते. डोके मणक्यांच्या बरोबर वर असताना ते सहज तोलले जाते. पण पुढे झुकताच तरफेच्या नियमानुसार मानेच्या मागील स्नायूंना वजनाच्या कित्येक पट ओढ सोसावी लागते.

बसण्याने कमरेवर पडणाऱ्या दाबाविषयी दोन महत्त्वाची मापने झाली आहेत. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांच्या १९६० नंतरच्या प्रयोगांत आधाराविना बसले असता मणक्यांमधील चकतीवरील दाब उभे राहिल्यापेक्षा जास्त आढळला होता. जर्मनीतील विल्के व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये केलेल्या मापनांत मात्र उभे राहताना ०.५, सैल बसताना ०.४६, मागे रेलून बसताना सुमारे ०.३ आणि बसून पूर्ण पुढे वाकताना ०.८३ मेगॅपास्काल दाब आढळला. यावरून असे दिसते की, बसणे हे स्वतः तितके घातक नसून पुढे वाकून व एकाच स्थितीत बसणे घातक आहे. ताठ काटकोनात बसण्याचा जुना आग्रहही यामुळे शिथिल झाला असून पाठ १०० ते ११० अंशांत मागे टेकणे आज योग्य समजतात.

मनगट वर, खाली किंवा बाजूला वाकवून काम केल्यास बोटांच्या कंडरांचे घर्षण वाढते. मनगटातील तंत्रिकेवर दाब येऊन बोटांना मुंग्या येणे या विकाराचा कळफलकाशी असलेला संबंध पूर्वी मानला जाई तितका दृढ नाही. जोर लावून वारंवार करावयाचे हातकाम, कंप पावणारी अवजारे, मधुमेह, अवटू ग्रंथीची मंदता व गर्भावस्था यांच्याशी त्याचा संबंध अधिक स्पष्ट आहे. पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहूनही कमी होते. परिणामी अश्रूंचा थर सुकतो व डोळे चुरचुरतात, लाल होतात किंवा दृष्टी क्षणभर अंधुक होते.

शरीरमापे व मेजाची उंची : कार्यालयीन मेजाची प्रचलित उंची सुमारे ७५ सेंमी. असते. भारतीय प्रौढ पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६५ सेंमी., तर स्त्रीची सुमारे १५२ सेंमी. आहे. आसनाची योग्य उंची म्हणजे तळपायापासून गुडघ्यामागील खोबणीपर्यंतचे अंतर होय. ते १५२ सेंमी. उंचीच्या स्त्रीमध्ये सुमारे ३८ ते ४० सेंमी. भरते. आसनापासून कोपरापर्यंतचे अंतर २० ते २२ सेंमी. धरल्यास तिचे कोपर जमिनीपासून ५८ ते ६२ सेंमी. उंचीवर येते. कळांचे पृष्ठ याच पातळीत किंवा किंचित खाली असावयास हवे. प्रत्यक्षात ७५ सेंमी. उंच मेजावर ठेवलेल्या कळफलकाचे पृष्ठ सुमारे ७७ सेंमी. वर असते. म्हणजे दिवसभर तिला खांदे उचलून, १५ सेंमी. अथवा त्याहून उंच पातळीवर हात धरावे लागतात. सरासरी उंचीच्या पुरुषालाही असे मेज सुमारे १० सेंमी. उंच पडते. ‘खांदे भरून येतात’ या नित्याच्या तक्रारीचे मूळ बहुधा कामाच्या प्रमाणात नसून या फरकात असते. खुर्चीवर कितीही खर्च केला, तरी हा फरक दूर केल्याशिवाय गुण येत नाही.

मांडणीचा क्रम : मांडणी पायांपासून सुरू करून डोळ्यांपर्यंत न्यावी. (१) मेजाची उंची बदलता येत असल्यास प्रथम तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील अशी खुर्ची करावी व मग मेज कोपराच्या पातळीस आणावे. (२) मेज स्थिर असल्यास खुर्ची इतकी वर घ्यावी, की खांदे सैल असताना अग्रबाहू जमिनीस समांतर राहतील. मग पाय लोंबकळू नयेत म्हणून त्यांखाली आधार द्यावा. त्यासाठी जेवणाचे एकावर एक ठेवलेले पाट किंवा ठेंगणा चौरंग पुरेसा होतो. (३) खुर्ची इतकी वर जात नसल्यास मेजाखाली सरकणारी फळी बसवून कळफलक व माउस दोन्ही तीवर ठेवावेत. मात्र मांड्यांना जागा उरली पाहिजे. (४) आसनाची पुढील कड व पोटरी यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. आसन जास्त खोल असल्यास पाठीशी उशी घ्यावी. कमरेच्या नैसर्गिक बाकास आधार देण्यासाठी गुंडाळलेला पंचाही चालतो. (५) माउस कळफलकास लागून, त्याच पातळीत असावा. तो दूर असल्यास खांदा सतत बाहेर ताणला जातो. मनगटाखालील गादी ही विरामात हात टेकण्यासाठी असते, टंकलेखन करताना दाबण्यासाठी नव्हे. (६) पडदा डोळ्यांपासून ५० ते ७५ सेंमी. अंतरावर, सरळ समोर असावा व त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा थोडी खाली यावी. द्विनाभी भिंगांचा चष्मा वापरणाऱ्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा, अन्यथा खालच्या भिंगातून पाहण्यासाठी त्यांना हनुवटी वर करावी लागते. (७) ज्या कागदावरून उतरवून घ्यावयाचे तो मेजावर सपाट न ठेवता पडद्याशेजारी उभा अथवा उतरता ठेवावा. मुनिमांच्या उतरत्या मेजाचाच हा अवतार म्हणता येईल.

मराठी टंकलेखन : महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटास किमान ३० शब्दांचा वेग आवश्यक असतो. त्यासाठीच्या शासकीय प्रमाणपत्राची तयारी करणारे तरुण रोज ठराविक वेळ कळफलकावर घालवतात आणि त्यांची उपजीविका पुढे याच बोटांवर अवलंबून राहणार असते. त्यामुळे कळरचनेचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो. भारतीय लिपींसाठी १९८६ ते १९९१ या काळात प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्ट या रचनेत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. मराठी अक्षरे मुख्यतः व्यंजन व मात्रा या क्रमाने येत असल्याने दोन्ही हात आळीपाळीने चालतात व एकाच हातावर भार साचत नाही. टंकलेखन यंत्रावरून आलेल्या जुन्या रचनेत अक्षरे तुकड्यांनी जोडावी लागतात. तीत पारंगत असलेल्याने ती सोडलीच पाहिजे असे नाही, नवशिक्याने मात्र प्रारंभीच निवड करावी. कोणत्याही रचनेत कळा आपटू नयेत. टंकलेखन यंत्रावर जोराची आवश्यकता होती, संगणकावर ती नाही.

प्रकाश, हवा व उन्हाळा : खिडकी पडद्याच्या मागे असल्यास डोळे दिपतात व समोर असल्यास तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडते. म्हणून पडदा खिडकीशी काटकोनात ठेवावा. बंद पडद्यात दिव्याचे वा खिडकीचे प्रतिबिंब दिसते का, ही मांडणी तपासण्याची सोपी कसोटी होय. कागद व पडदा दोन्हींवर काम करावयाचे असल्यास ३०० ते ५०० लक्स दीप्ती पुरेशी असते. पडद्याची तेजस्विता भोवतालच्या प्रकाशाशी जुळती ठेवावी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील शेगाव परिसरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से. च्या वर जाते व हवा अतिशय कोरडी असते. डोळे सुकण्यास या हवेत पडद्याइतकाच कूलरचा वा पंख्याचा थेट झोतही कारणीभूत होतो. झोत चेहऱ्यावर न येता बाजूने किंवा पाठीमागून खालच्या भागावर येईल असा असावा. पश्चिमेकडील खिडकीस वाळ्याची ताटी लावल्यास ऊन, चकाकी व कोरडेपणा या तिन्हींवर उपाय होतो. तथापि तिचे पाणी विद्युत्‌ जोडण्यांपासून दूर राहील याची खबरदारी घ्यावी. पाणी पिण्याकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून पाण्याचे भांडे मेजापासून काही पावलांवर ठेवणे हितावह असते. त्यामुळे उठणेही आपोआप घडते.

सुवाह्य संगणक व जमिनीवरील बैठक : लॅपटॉपमध्ये पडदा व कळफलक एकमेकांस जोडलेले असल्याने एकाची उंची योग्य केली की दुसऱ्याची बिघडते. दीर्घ कामासाठी तो पुस्तकांच्या चळतीवर उंच ठेवून वेगळा कळफलक व माउस जोडणे हाच खरा उपाय होय. अनेक घरांत विद्यार्थी जमिनीवर बसून अभ्यास करतात व ती पद्धत त्याज्य नाही. बसताना दुमडलेल्या गोधडीने आसन ८ ते १० सेंमी. उंच करावे, म्हणजे गुडघे नितंबांच्या खाली राहतात व कंबर गोल होत नाही. पाठ भिंतीशी किंवा लोडाशी टेकावी, पुढील ठेंगणे मेज २५ ते ३० सेंमी. उंचीचे घ्यावे आणि वरचेवर मांडी बदलावी. पलंगावर पालथे पडून किंवा मांडीवर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास काम करणे मात्र टाळावे.

सामायिक कार्यस्थाने : महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, सेवा केंद्रे व आरक्षण खिडक्या येथे एका जागेवर पाळीपाळीने भिन्न उंचीच्या व्यक्ती बसतात. अशा ठिकाणी सरासरी उंचीचे एकच माप निवडणे ही सामान्य चूक आहे, कारण ते माप फार थोड्यांना नेमके बसते. उंची बदलणाऱ्या खुर्च्या, प्रत्येक मेजाखाली एक पायटेकू आणि काही मेजे मुद्दाम ठेंगणी करून घेणे, एवढ्याने बहुतेकांची सोय होते. बसणाऱ्याने पहिले अर्धे मिनिट खुर्ची जुळविण्यात घालवावे, ही सवय शिक्षकांनी प्रारंभापासून लावली पाहिजे. खुर्चीचा खटका असतो कोठे हे ठाऊक नसल्यामुळे ती वर्षानुवर्षे एकाच उंचीवर राहते. सेवा केंद्रांत कर्मचाऱ्यास समोरील नागरिक व पडदा या दोहोंकडे आळीपाळीने पाहावे लागते. त्यासाठी पडदा फिरता व खुर्ची वळणारी असावी, अन्यथा तो दिवसभर कंबर पिळून बसतो. मेजाखालच्या तारा बांधून घेणे आणि भूयोजन तपासून घेणे हाही मांडणीचाच भाग होय.

विराम : उत्तम मांडणीदेखील हालचालीची जागा घेऊ शकत नाही. दर २० मिनिटांनी सुमारे ६ मी. अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात आणि तासातून एकदा उठून चालावे, असा साधा नियम सांगितला जातो. विरामांमुळे काम मागे पडते ही वरिष्ठांची शंका अस्थानी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेतील संशोधकांनी माहिती-नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना नेहमीच्या सुट्ट्यांखेरीज दिवसातून आणखी २० मिनिटे, लहान लहान विरामांच्या रूपाने, देऊन पाहिली. डोळ्यांचा ताण व अंगदुखी कमी झाली आणि नोंदणीचे काम घटले नाही, असा त्यांचा २००० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. उभ्याने काम करण्याची उंच मेजे हा याला पर्याय नसून पूरक आहे. दिवसभर उभे राहिल्याने पायांच्या शिरांवर ताण येतो.

लक्षणे व अग्रक्रम : रात्री झोपेतून जाग आणणाऱ्या मुंग्या, बोटांतील बधिरता, पकड सैल होऊन वस्तू हातून पडणे, दंडात उतरणारी मानेची कळ किंवा विश्रांतीनंतरही न थांबणारे दुखणे ही लक्षणे दिसल्यास केवळ मांडणी बदलून न थांबता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यांच्या सततच्या ताणामागे चष्म्याचा न सुधारलेला क्रमांक असणेही नेहमीचे आहे. उपाय जितका लवकर तितका तो सोपा असतो. अनेक महिने अंगावर काढलेले दुखणे बरे होण्यास तसाच वेळ लागतो. मर्यादित पैशात सुधारणा करावयाची असल्यास प्रथम विरामांचे वेळापत्रक व पडद्याची दिशा, जी विनामूल्य आहेत; नंतर पायटेकू, पाठीची उशी व कळफलकाची फळी; त्यानंतर वेगळा कळफलक व माउस; आणि शेवटी नवी खुर्ची, असा क्रम ठेवावा. महागड्या खुर्चीपासून आरंभ करून मेजाची उंची तशीच ठेवणे हा उलटा क्रम अनेक कार्यालयांत आढळतो, व त्यामुळे खर्च होऊनही खांदेदुखी कायम राहते.